कुटलेली काडी

"फुटलं का काही?" माळ्याने इस्पितळातल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत वाकून विचारलं.

आतली तंत्रज्ञ बाई दचकली नाही. पहिल्या दिवशी दचकली होती. दिवसभर काचेच्या बशा सांभाळणाऱ्या माणसाला असं विचारू नये, असं तिने तेव्हाच बजावलं होतं. पण माळ्याला दुसरा शब्द येत नव्हता. जन्मभर त्याने रोपवाटिकेत फांद्यांच्या काड्या मातीत खोचल्या होत्या आणि त्या फुटायची वाट पाहिली होती.

"नाही काका. उद्या विचारा."

'उद्या विचारा' हे दोन शब्द घेऊन तो रोज वर जायचा. 'नाही'पेक्षा बरे होते.

आज सहावा दिवस होता. वर काचेपलीकडच्या खोलीत त्याची बायको होती. रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधांनी तिची प्रतिकारशक्ती पार धुऊन नेली होती, आणि तेवढी संधी साधून नाकामागच्या पोकळीत बुरशी शिरली होती. शिळ्या पावावर धरते तसलीच. ती डोळ्याकडे सरकत होती. नाकातून काढलेल्या काळ्या तुकड्यात बुरशीचे तुटके धागे दिसले, पण जात कळेना. एक जात चालू औषधाने मेली असती. दुसरी त्याला भीक घालत नव्हती. दुसरीवरचं जालीम औषध बायकोच्या मूत्रपिंडांना झेपेल की नाही याची शंका होती, म्हणून खात्री झाल्याशिवाय डॉक्टर ते द्यायला धजत नव्हते. खात्रीसाठी बुरशी बशीत वाढायला हवी होती. अंगात धुमाकूळ घालणारी ती बया बशीत मात्र हूं की चूं करत नव्हती.

ती मातीत असते, खतात असते, हवेतही असते, कुठून आली ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. माळ्याने त्यातलं 'मातीत' एवढंच ऐकलं. त्याच संध्याकाळी त्याने गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या कचऱ्याच्या गाडीत रिकाम्या केल्या. एकही ठेवली नाही. कामावर रजा टाकली. रोज ब्रशने नखं घासली. तीस वर्षांत पहिल्यांदा ती कारकुनाच्या नखांसारखी पांढरी झाली. तरी त्याला आत सोडत नव्हतेच. काचेला नाक लावून तो उभा राही. घरी तिचा हात दिवसातून शंभरदा त्याच्या हाताला लागायचा आणि त्याच्या ध्यानातही यायचं नाही. आता तो एकदा लागावा, एवढंच त्याला हवं होतं.

"आज दुसरा तुकडा काढलाय," तंत्रज्ञ बाई म्हणाली. "तिसरा काढणं त्यांना सोसायचं नाही म्हणे. बघू या." तिने तुकडा छोट्याशा खलात टाकला आणि बत्ता उचलला.

"हे काय करताय?"

"कुटते. मग बशीत पसरायचं. आम्ही सगळं असंच लावतो."

"मागचाही कुटला होता?"

"हो."

माळी खिडकीत आणखी वाकला. मग हळूच म्हणाला, "ताई, काडी कुटून लावली तर ती फुटेल का?"

ती हसणार होती. पण बत्ता हवेतच थांबला. जंतू कुटले तरी वाढतात, आणि तिच्याकडे बहुतेक जंतूच यायचे. बुरशीचा तुकडा वर्षातून एखादा. तिने बत्ता खाली ठेवला, फळीवरचं जाडजूड पुस्तक काढलं, एका पानावर बोट ठेवून वाचलं आणि पुन्हा वाचलं. तिचे कान लाल झाले. काही बुरशींचे धागे नाजूक असतात, कुटले की मरतात, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं.

"पात्याने काप करते," ती मान वर न करता म्हणाली.

"तिरके करा," माळी सवयीने बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारावं लागलं नाही. ती बशी घेऊन खिडकीतच उभी होती. आत झाकणापर्यंत राखाडी कापूस दाटला होता. एरवी असा जोम पाहून माळी खूश झाला असता. आता तो बशीपासून मागे सरला, आणि तरीही त्याचे डोळे भरून आले. ती दुसरी जात निघाली, आणि दुपारच्या आत औषध बदललं.

तीन आठवड्यांनी त्याला आत सोडलं. पाच मिनिटं, तोंडाला मास्क, अंगावर झगा. तिचा एक डोळा पट्टीखाली होता, दुसरा त्याच्यावर. ती खूप बारीक झाली होती. तिने त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, नखं पाहिली.

"अहो, हा हात तुमचाच ना?"

तो मास्कआड हसला.

"आणि माझी गुलाबाची काडी?" तिने विचारलं. "इकडे यायच्या सकाळी लावलेली. इथे पडल्या पडल्या रोज गच्चीवर जायचे मी, तिला बघायला. म्हटलं, ती फुटेपर्यंत तरी मरायचं नाही. फुटली का?"

ती कुंडीही गाडीत गेली होती. तिच्याशी खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने तिचा हात घट्ट धरला.

"उद्या विचार," तो म्हणाला.