नवे सेल

रेडिओवर बातम्या देणारा हेमंत निमसे वेगळा आणि जत्रेत त्याच्या आवाजाची नक्कल करणारा हेमंत निमसे वेगळा. धसईच्या गावकऱ्यांनी दोघांना एकच धरलं, मान मिळत होता म्हणून नकलाकारही गप्प राहिला. गेल्या जत्रेत वाडीवरच्या गिरजाबाईनं त्याला गाठलं. वीटभट्टीवर गेलेला तिचा मुलगा धाकलू परतला नव्हता. “रेडिओत त्याला हाक मार रे, आय वाट बघते म्हून.” टाळ्यांच्या नशेत तो बातम्यांच्या आवाजात म्हणाला, “अवश्य, आजी!” यंदा मंडपामागे ती दिसताच तो तिच्यासमोर गेला. सगळं कबूल करायला त्यानं हात जोडले. पण पदराखालचा ट्रान्झिस्टर काढत तीच म्हणाली, “माजीच चूक रे बाबा. तू हाक मारली आसशील, मदी याचे सेलच संपलेले. आता नवे घातलेत. परत हाक मारशील?” जोडलेले हात तसेच राहिले. “अवश्य,” बातम्यांचा आवाज म्हणाला.