ओळखीचा हात

“या घरात आजवर अंडं फुटलं नाही,” वसुधा बाल्कनीत कडाडली, “आणि आता कच्चा खिमा भरवतेय, तर साहेब तोंड फिरवतात!”

साहेब म्हणजे गोट्या. मुलीने जर्मनीला जाताना आमच्या गळ्यात घातलेला फेरेट. मुंगसासारखा लांबुळका, स्वभावाने थेट माझ्या सासूवर गेलेला. वसुधाने महिनाभर त्याला प्रेमाने दूधभाकरी घातली आणि तो वाळत गेला. “हा मांसच खाणारा प्राणी आहे. कच्चं मांस सुरू करा, नाहीतर जगायचा नाही,” असं डॉक्टरांनी सकाळी तिला झापलं होतं.

आता तिने नाकाला पदर बांधला होता आणि हातात संडास धुवायचे रबरी मोजे चढवले होते. गोट्या मोजा हुंगून मागे सरकायचा.

“मर उपाशी!” म्हणत ती आत निघाली आणि दारातूनच परत फिरली.

“अगं, त्याला तुझा हात ओळखीचा आहे, रबर नाही,” मी म्हणालो.

“तुम्ही गप्प बसा!” तिने मोजा ओढून माझ्या अंगावर फेकला आणि उघडं बोट खिम्यात बुडवून गोट्यापुढे धरलं. त्याने हुंगलं, चाटलं, मग बोट सोडेचना.

डोळे पुसायला तिने हात उचलला, तो खिम्याने बरबटलाय हे पाहून खाली घेतला आणि त्याचाही राग माझ्यावरच काढला.

“बघत काय बसलात? आणखी आणा. आणि ताजा बघून आणा, तुमच्या भेंडीसारखा नको!”