धर्मपित्याची सही

गळ्यातल्या क्रुसाची शप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे.

जुन्या सहीवर बोट ठेवलं की सही करताना माणूस जे बोलला ते ऐकू यायला लागलं, त्याच वर्षी वसईची रेमेद तुस्कानो आयर्लंडला गेली. काखेत चर्चची बाप्तिस्म्याची वही. तिच्या पणजीच्या नावापुढे बापाची जागा कोरी होती, आणि त्यावरून गावानं पणजीला जन्मभर हिणवलं होतं. बाप्तिस्म्याला साक्षीला उभा राहणारा धर्मपिता म्हणून सही होती आयर्लंडहून वसईला पुलाच्या कामावर आलेल्या कॉर्नेलियस हेगार्टीची.

हेगार्टीच्या गावच्या चर्चमध्ये त्या रविवारी त्याच्या नावाची पाटी लागत होती, ‘एकनिष्ठ पती’ म्हणून. त्याचा खापरपणतू डर्मट भाषणाला उभा राहिला, तेवढ्यात रेमेदनं सहीवर बोट टेकवलं, आणि हेगार्टी चर्चभर ऐकू आला.

“फादर, बापाची जागा कोरीच सोडा. घरी बायको आहे माझी. मला धर्मपिता लिहा. कान तर माझेच घेतलेत पोरीनं!”

सगळ्या चर्चनं डर्मटच्या सुपाएवढ्या कानांकडे पाहिलं. ते लालबुंद झाले.

“बाई, काय हवंय तुम्हाला?”

“पेन हवंय, भाऊराया.”

तिथल्या चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात, माणसाचं लग्न लिहायची चाल. हेगार्टीच्या लग्नाखालीच रेमेदनं फादरकडून पणजीचं नाव लिहून घेतलं, मुलगी म्हणून.

“आता लावा की पाटी खुशाल,” ती म्हणाली. “मी टाळ्या वाजवते.”

पाटी काही लागली नाही.

कान तेवढे मी घातले हो. खरं म्हणजे हेगार्टी ‘नाक’ म्हणाला होता. पण मग तुम्ही सगळे माझ्याच नाकाकडे बघत बसला असता.