कुलपातली काच

भट्टीचं कुलूप शाबूत होतं आणि आतला चंबू तडकलेला होता.

काचेच्या कारागिराने तो उचलून खिडकीपाशी धरला. तडा नेहमीच्याच जागी होता. प्रयोगशाळेच्या अशा चंबूच्या पोटाला बाजूची नळी जोडलेली असते, बरोबर त्या सांध्यावर. काल भट्टीत ठेवताना त्याने भिंग लावून पाहिलं होतं, सांधा अखंड होता. गरम काच रात्रभर बंद भट्टीत सावकाश गार व्हावी लागते. मध्येच कोणी दार उघडलं आणि बाहेरची हवा लागली, की संपलं. म्हणजे कोणीतरी दार उघडत होतं. आता कुलूप लावलं, तर त्याचीही दुसरी किल्ली करून घेतलेली दिसत होती.

कोणीतरी म्हणजे कोण, हे त्याच्या दृष्टीने उघड होतं. धाकटी बहीण आणि तिचा नवरा वरच्या खोलीत राहायला आले, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. मेहुण्याची नोकरी सुटलेली. बहिणीने शब्द टाकला म्हणून त्याला हाताशी घेतलं, पण माणूस काही पटला नव्हता. कमी बोलायचा. बोलताना जमिनीकडे बघायचा. रिकाम्या हाताने आलेला माणूस भरल्या हाताने जायला कितीसा वेळ लागतो? म्हणून कारागिराने पहिल्याच दिवशी, ते दोघे सामान वर चढवत होते तेवढ्यात, घाईघाईने महागाच्या नळ्यांची जुडी आतल्या कपाटात नेऊन कुलूप लावलं होतं. औषधाच्या कुप्यांना लागणाऱ्या स्वस्त नळ्यांची, दिसायला अगदी तशीच जुडी दाराजवळच्या फळीवर राहू दिली. ती गेली तरी फार जाणार नव्हतं.

चंबूंची पोटं तयार विकत यायची. कपाटातली नळी कारागीर स्वतः मोजून द्यायचा आणि मेहुणा ती ज्योतीवर जोडायचा. दोनदा तो चाचरत म्हणालाही होता, "दादा, ही नळी पोटाच्या आधीच मऊ पडते." नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणून कारागिराने ते सोडून दिलं होतं.

मेहुणा जिना उतरून आला. "आज कसा निघाला?" त्याने विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. कारागिराने तडकलेला चंबू टेबलावर ठेवला.

"मेहुणे, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा," तो म्हणाला. "कारण विचारू नका. तुम्हाला ठाऊक आहे."

मेहुण्याने चंबूकडे पाहिलं, मग जमिनीकडे. जिन्यावर बहीण उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पाहून कारागिराला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेण्याइतकं नाही.

"दादा, बाबा काय म्हणायचे?" तिने विचारलं. "शंका आली की तेल."

"मला काचेची शंका नाही."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरातून तेलाची वाटी घेऊन आली.

दोघंही याच टेबलाखाली खेळून मोठी झालेली. तिने चंबू तड्यापाशी फोडला आणि पोटाचा तुकडा तेलात सोडला. बुडाला आणि दिसेनासा झाला. प्रयोगशाळेची चांगली काच तेलात अशीच विरघळल्यासारखी दिसते. मग तिने नळीचा तुकडा सोडला. तो तळाशी जाऊन बसला. त्याची कड न कड दिसत होती.

कारागीर वाटीकडे बघत राहिला. चांगल्या काचेत अणूंनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात, त्यामुळे ती तापली तरी फार पसरत नाही. स्वस्त काचेत सोडा जास्त, तिथे बरेच हात सुटलेले. ती जास्त पसरते आणि गार होताना जास्त आकसते. दोन्हींचा सांधा जोडला तर एक ओढते, दुसरी येत नाही, आणि बंद भट्टीतही तडा जातो. त्यासाठी कोणाला दार उघडावं लागत नाही. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

तो उठून दाराजवळच्या फळीपाशी गेला. महिनाभर मेहुणा रोज तिथूनच ये-जा करत होता. कारागिराने जुडीची सुतळी सोडली, एक नळी काढली आणि तिचं टोक वाटीत बुडवलं. तेलाच्या वर होती तेवढीच नळी दिसत राहिली.

सुतळी अजून त्याच्या डाव्या हातात होती. तिची गाठ त्याने स्वतः मारलेली होती, आणि आजपर्यंत ती कोणीही सोडलेली नव्हती.