मीनाक्षीची पाच गावं

साहेब, तुम्ही मीनाक्षीला पळपुटी ठरवलंत. तोंडसुद्धा न बघता. इटलीतला डोंगर-समुद्र बघून झाल्यावर ही बाई इंग्लंडला परत जाईल याची खात्री वाटत नाही, एवढं एक वाक्य लिहून तुम्ही तिचा व्हिसा नाकारलात. मिल्टन कीन्समध्ये तिचं तीस वर्षांचं घर आहे. नवरा आहे, मुलगी आहे, खिडकीत जिवापाड जपलेला कढीपत्ता आहे. हे सगळं सोडून ती तिकडे कुठे लपून बसणार होती?

नवऱ्याला, रघुवीरला, आणि मुलगी ईशिताला व्हिसा लागलाच नाही. त्यांचे पासपोर्ट ब्रिटिश. मीनाक्षीचा भारतीय. तोही तिने हट्टाने ठेवलेला नव्हता. "एकाचा तरी तिकडचा ठेवू या, परत जायचंच आहे आपल्याला," असं रघुवीरच म्हणाला होता. म्हणाला आणि स्वतःचा बदलून घेतला.

"मी कॅन्सल करतो," निघायच्या दिवशी तो दारात म्हणाला. पायात बूट.

"बूट काढून म्हणाला असतात तर खरं वाटलं असतं," मीनाक्षी म्हणाली आणि दशम्यांचा डबा त्याच्या सॅकमध्ये कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईशिताचा मेसेज आला. निघालो, आज पाच गावं पायी, समुद्राच्या कडेने. मीनाक्षीने तो वाचला आणि स्वतःचे बूट पायात चढवले. याच वाटेसाठी घेतलेले, महिनाभर घरात घालून मऊ केलेले.

मिल्टन कीन्सच्या पोटातही जुनी गावं आहेत. शहर वसवताना ती गिळली गेली, पण एखादं चर्च, एखादा पब घशात अडकून राहिलाय. त्यातल्या ब्रॅडवेल गावाहून ती निघाली. लाल डांबरी पायवाटांनी, राउंडअबाउटचे गोल चौक चुकवत, एकेक गाव मागे टाकत. कुणी 'मॉर्निंग' म्हणालं की तीही 'मॉर्निंग' म्हणायची. विलन नावाच्या गावातल्या तळ्याकाठी बसून तिने दशमी खाल्ली. तळं छान होतं. तिने त्याला समुद्र म्हटलं नाही. पुढे एका अंडरपासमध्ये तिला रडू आलं. तिथे आवाज घुमतो, म्हणून ती लगेच थांबली.

संध्याकाळी दार उघडतच होती, तेवढ्यात ईशिताचा व्हिडिओ कॉल आला.

"ममा, कुठे गेला होता तू? मी किती रिंग केला." इंग्लंडमध्येच मराठी शिकलेल्या ईशिताने फोन फिरवला. "बाबा बघ. टोटली फिनिश्ड."

रघुवीर दगडी पायरीवर बसला होता. मागे कड्याला चिकटलेली गुलाबी-पिवळी घरं, खाली समुद्र.

"चालायला गेले होते," मीनाक्षी म्हणाली. "माझीही पाच गावं झाली."

रघुवीरने फोन घेतला. "दशम्या काय छान झाल्या होत्या! वर द्राक्षाच्या मळ्यात बसून खाल्ल्या. फार आठवण आली तुझी." मग म्हणाला, "घरी आलो की पहिलं काम, तुझाही पासपोर्ट बदलून टाकायचा. ही कटकटच नको."

मीनाक्षी दाराच्या पायरीवर बसली. एक बूट काढला. सोललेल्या टाचेला मोजा चिकटला होता. तो तिने हळूहळू सोडवला.

"मी परत येणार नाही, असं लिहिलं होतं ना त्यांनी," ती म्हणाली. फोन फिरवून तिने उघडं दार दाखवलं, आतली चपलांची रांग दाखवली. "ही बघा. आले परत."

"अगं, सोड ना आता ते."

"नाही सोडत. भारतात परत जायचंय, परत जायचंय, हे तुम्ही म्हणत आलात. तेवढ्यासाठी मी तो पासपोर्ट सांभाळला. बदलायचा तर बदलू. पण आधी एक सांगा."

"काय?"

फोनमधून लाटांचा आवाज येत होता.

"आपण परत जाणार आहोत का?"