डोळे मिटा

"आता शवासन. डोळे अलगद मिटा," हेमलता म्हणाली आणि सतरंज्यांमधून अनवाणी फिरू लागली.

सांगलीतल्या तिच्या योगवर्गात आता एकाचंही पोट सुटलेलं नव्हतं. गळ्याच्या कातडीखाली थायरॉइडची चकती बसवून घ्यायची, तिने थेंबथेंब हॉर्मोन सोडायचं, की बघता बघता कंबर सडपातळ. लोक वर्गाला यायचे ते निव्वळ सवयीने. पोटावरची चरबी जाते कुठे, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

खाडिलकरकाकूंच्या उशाशी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. शेजारणीच्याही उशाशी होती.

"काकू, डोळे मिटा ना."

"मिटलेच आहेत हो, मॅडम. यापेक्षा जास्त मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, थोडी चरबी डोळ्यांच्या मागे जाऊन बसते, डोळे पुढे ढकलते." काकू हसल्या. पापण्यांच्या फटीतून डोळ्याचा पांढरा भाग चकाकत होता. "रात्रीही अशीच झोपते. होते सवय."

हेमलताने मान वर केली. अख्खा वर्ग निपचित पडला होता आणि प्रत्येक चेहऱ्यावर तीच पांढरी फट होती.

तिचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. तिथले टाके गेल्याच महिन्यात काढले होते. शिकवणाऱ्या बाईचंच पोट सुटलेलं कसं चालेल?

ती तिथेच गार फरशीवर आडवी झाली. हातपाय सैल सोडले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

छताचा पंखा तिला फिरताना दिसतच राहिला.