बापाचा जबडा

फोटिनीचा खालचा जबडा पुढे आलेला. "तुझ्या बापाच्या घराण्याची देणगी," असं आई येता-जाता सुनवायची आणि दाढीवाले वडील मान खाली घालून गप्प बसायचे. फोटिनीने त्यांना कधीच माफ केलं नाही. ते वारले तरी नाही.

चाळिशीत तिने दातांना तारा बसवल्या, मग जबड्याचं ऑपरेशन करून घेतलं. वोलोसच्या इस्पितळात तोंड बांधलेल्या लेकीला आई नळीने सूप पाजत होती. म्हातारे सर्जन तपासायला आले आणि आईला पाहून थबकले.

"अहो, तुमचाही जबडा मीच सरळ केला होता ना? लेकीचा हुबेहूब तसाच होता."

फोटिनीने तोंडातली नळी बाजूला सारली.

"यजमान कसे आहेत?" सर्जन आईला विचारत होते. "तेव्हा रात्रंदिवस तुमच्या उशाशी बसून असायचे."